ढिगाऱ्यातून वाचले, आठवड्याने गेले

मूत्रपिंडं अचानक निकामी होण्यावरच्या उपचारांचा इतिहास बहुधा डायलिसिसच्या यंत्रापासून सांगितला जातो. माझ्या मते तो १९४१च्या लंडनपासून सांगायला हवा. जर्मन बॉम्बहल्ल्यांत कोसळलेल्या घरांखालून काही माणसं कित्येक तासांनी जिवंत निघत. सुरुवातीला त्यांची प्रकृती बरी वाटे. मग चेंगरलेला पाय सुजून टणक होई आणि रक्तदाब घसरे. तो सावरला तरी लघवी गडद होत, कमी होत जाई आणि आठवड्याभरात माणूस दगावे. हॅमरस्मिथ रुग्णालयातले एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी मार्च १९४१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा चार रुग्णांची हकिगत मांडली. मृतांच्या मूत्रपिंडांत सूक्ष्म नलिका खराब झालेल्या आणि रंगद्रव्याने तुंबलेल्या दिसत होत्या. ते रंगद्रव्य चिरडलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन आहे, हे त्याच वर्षी कळलं. जखम पायाला आणि मरण मूत्रपिंडामुळे, हा दुवा आता पक्का झाला. १९०८च्या मेसिना भूकंपानंतर आणि पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले होते, हे खरं. पण ती नोंद विस्मृतीत गेली आणि लंडनच्या डॉक्टरांना सगळं नव्याने शोधावं लागलं.

यावर कोणी म्हणेल, निदान झालं तरी ती माणसं मेलीच. जीव वाचवला तो यंत्राने. नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३मध्ये सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालवलं. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध बाई शुद्धीवर आली आणि बरी झाली. कोरियाच्या युद्धात मूत्रपिंडं निकामी झालेल्या जखमी सैनिकांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून ५३वर आलं, त्यात यंत्राचा वाटा मोठा होता. तो नाकारणं अन्यायाचं होईल. पण यंत्र मूत्रपिंड बरं करत नाही. खराब झालेल्या नलिका पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत स्वतःच भरून येतात. तोवर साचलेलं पोटॅशियम आणि पाणी रुग्णाचा जीव घेणार नाही, एवढं सांभाळायचं असतं. कोल्फ यांचं यंत्र युद्धानंतर ज्या हॅमरस्मिथमध्ये पोचलं, तिथेच ग्रॅहम बुल यांनी ते बाजूला ठेवून दुसरी वाट धरली: प्रथिनं बंद, दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, आणि नळीवाटे ग्लुकोज व शेंगदाणा तेल. काही रुग्ण एवढ्यावरही तरले. पोटॅशियम फार चढलं की मात्र हा आहार अपुरा पडे आणि तिथे यंत्राला पर्याय नव्हता.

यंत्राची गरजच पडू नये अशी वाट मात्र लंडनच्या त्या निरीक्षणातूनच निघाली. स्नायूंमधलं विष रक्तात उतरण्याआधीच शिरेतून भरपूर द्रव द्यायचा. १९८२मध्ये लेबनॉनमधल्या टायर शहरात इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढतानाच सात जखमींना सलाइन सुरू केलं गेलं. त्यांच्यापैकी एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही.