प्रोटीन स्किमर

प्रोटीन स्किमर हे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील विरघळलेले सेंद्रिय पदार्थ फेसाच्या रूपाने वेगळे करणारे उपकरण होय. माशांचे उत्सर्जन, न खाल्लेले अन्न आणि शेवाळ यांतून प्रथिने व मेदयुक्त पदार्थ पाण्यात मिसळतात. स्पंज किंवा कापडाची गाळणी घाण अडवून धरते. परंतु ती धुईपर्यंत घाण पाण्यातच कुजत राहते. स्किमर मात्र हे पदार्थ कुजून त्यांचे अमोनिया व नायट्रेट होण्यापूर्वीच त्यांतील काही भाग पाण्याबाहेर काढतो. छंदी मत्स्यपालकांत हे उपकरण नुसत्या 'स्किमर' या नावाने ओळखले जाते.

कार्यतत्त्व

प्रथिनांसारख्या अनेक रेणूंचा एक भाग पाण्याकडे आकर्षित होणारा, तर दुसरा पाणी टाळणारा असतो. असे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, चिकटतात. स्किमरच्या उभ्या नळीत सोडलेले सूक्ष्म बुडबुडे हे रेणू घेऊन वर चढतात. निमुळत्या गळ्यात फेस दाटतो, त्यातील पाणी खाली निथळते आणि उरलेला तपकिरी, दुर्गंधीयुक्त द्रव वरच्या पेल्यात साचतो. वादळी हवेत समुद्रकिनाऱ्यावर जमणारा फेस हे याच क्रियेचे नैसर्गिक रूप होय.

खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत व बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते एकत्र येऊन मोठे होतात आणि लवकर फुटतात. त्यामुळे गोल्डफिश किंवा गप्पी यांच्या घरगुती टाकीत स्किमर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हवा व पाणी यांच्या सततच्या संपर्कामुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो, हा या उपकरणाचा दुसरा लाभ आहे.

इतिहास व प्रकार

फेसाच्या साहाय्याने पदार्थ वेगळे करण्याचे तंत्र खनिज उद्योगात आधीपासून वापरात होते. मत्स्यालयासाठीचे स्किमर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने जर्मनीत विकसित झाले. जिवंत सूक्ष्मजीव असलेले सच्छिद्र खडक आणि समर्थ स्किमर यांवर आधारलेली मत्स्यालयपद्धती 'बर्लिन पद्धत' म्हणून प्रसिद्ध आहे.

आरंभीच्या स्किमरमध्ये हवेचा पंप व लाकडी हवा-दगड वापरीत. हा प्रकार स्वस्त असला तरी लाकूड वरचेवर बदलावे लागते. व्हेंचुरी प्रकारात पाण्याच्या वेगामुळे अरुंद नळीत हवा आपोआप ओढली जाते. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या सुईचक्र प्रकारात पंपाच्या चक्रावर बारीक दांडे असतात. ते ओढलेल्या हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे करतात.

निवड

खोक्यावर छापलेली लिटरमधील क्षमता हा निवडीचा एकमेव आधार मानू नये. ती बहुधा मोजके मासे असलेली टाकी गृहीत धरून दिलेली असते. खरा निकष म्हणजे माशांची संख्या, आकार व त्यांना दिले जाणारे अन्न. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. तीत दोन-तीन लहान मासे असल्यास तेवढ्याच क्षमतेचा स्किमर पुरतो. मासे अधिक वा मोठे असल्यास दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घेणे इष्ट असते. मात्र फार मोठा स्किमरही योग्य नव्हे. पाण्यात पुरेसे सेंद्रिय पदार्थ नसल्यास त्याच्या रुंद गळ्यात फेस टिकत नाही.

मोठ्या मत्स्यालयांत टाकीखालील कपाटात दुसरी लहान टाकी ठेवून तीत स्किमर बसवितात. अशा वेळी कपाटाची उंची मोजताना पेला वर उचलून काढण्यासाठी लागणारी जागाही धरावी. पंपाचा वीजवापर, आवाज आणि सुटे भाग मिळण्याची सोय याही बाबी महत्त्वाच्या ठरतात.

बिघाड व उपाय

नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर तेलकट अंश असतात. त्यामुळे पहिले काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे, फेस अनियमित येतो. या काळात उपकरण सदोष समजून बदलण्याची घाई करू नये.

फेस न येणे: हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचणे हे याचे नेहमीचे कारण आहे, नळी कोमट पाण्याने धुतल्यास दोष दूर होतो. खालच्या टाकीतील पाण्याची पातळी घटणे, पंपाच्या चक्रावर चुन्याचा थर बसणे व पाण्याची क्षारता कमी असणे हीही कारणे असतात. तेलकट खाद्य दिल्यावर किंवा हात पाण्यात घातल्यावर फेस तात्पुरता बसतो व काही तासांत पूर्ववत होतो.

पेला भरून वाहणे: पाण्याची पातळी वाढणे, पाण्यात औषध किंवा क्लोरीननाशक द्रव मिसळणे, अथवा साबणाचा अंश जाणे यांमुळे असे घडते. पातळी निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, बहुधा १५ ते २३ सेंटिमीटर, ठेवावी. औषधाचा वापर कारण असल्यास काही पाणी बदलावे. स्किमरचे भाग कधीही साबणाने धुऊ नयेत.

मुख्य टाकीत बुडबुडे येणे: स्किमरमधून बाहेर पडणारे पाणी परतीच्या पंपाच्या अगदी जवळ असल्यास असे होते. मध्ये आडवी पट्टी किंवा स्पंज बसविल्यास बुडबुडे अडतात.

पेला व गळा आठवड्यातून एकदा तरी पुसावा, कारण गळ्यावरील चिकट थरामुळे फेस वर चढत नाही. पंप दोन-तीन महिन्यांनी पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात बुडवून ठेवल्यास चुन्याचा थर विरघळतो.

समुद्रापासून दूरच्या प्रदेशातील वापर

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्रालगत मरीन ड्राइव्ह येथे सुरू झाले. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या गोंदिया जिल्ह्याची स्थिती याच्या उलट आहे. हा जिल्हा तलावांसाठी प्रसिद्ध असला तरी ते सारे पाणी गोडे आहे. येथे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवायचे तर शुद्ध केलेल्या पाण्यात कृत्रिम सागरी मीठ कालवावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात १९० लिटरच्या टाकीस साडेसहा ते सात किलो मीठ लागते. पाणी बदलण्याची प्रत्येक वेळ खर्चिक असल्याने स्किमर नीट चालण्यास येथे विशेष महत्त्व येते.

विदर्भातील उन्हाळ्यात पाण्याची वाफ झपाट्याने होते. मीठ मात्र मागे राहते. त्यामुळे क्षारता वाढते आणि खालच्या टाकीतील पातळी घटून स्किमर बंद पडल्यासारखा भासतो. ही तूट रोज शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. पाणी तापले की त्यातील प्राणवायूही घटतो. वीज गेली असता मुख्य टाकीतील काही पाणी खाली उतरते आणि वीज परतताच वाढलेल्या पातळीमुळे पेला ओसंडतो. म्हणून परतीचा पंप आधी चालू करून पातळी स्थिरावल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी, स्किमर सुरू करावा. बॅटरीची क्षमता मर्यादित असल्यास ती प्रथम हवेच्या पंपासाठी राखावी.

प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे बर्लिन पद्धतीचे अनुकरण करताना समुद्रातील प्रवाळखडकांऐवजी कृत्रिम सच्छिद्र खडक किंवा सिरॅमिकचे तुकडे वापरावेत.

मर्यादा

पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांच्या मोजमापांत स्किमर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच काढू शकतात, असे दिसून आले. तयार झालेले नायट्रेट स्किमरला काढता येत नाही. उलट फेसाबरोबर काही उपयुक्त प्लवक मात्र निघून जातात. त्यामुळे स्किमर हा पाणी बदलण्यास किंवा बेताने अन्न देण्यास पर्याय ठरत नाही.