न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

वसंत व्याख्यानमालेत न्यायमूर्ती रानड्यांचे नाव निघत नाही असे सहसा होत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांच्या निधनामुळे 1893 साली रानड्यांना मुंबई हायकोर्टात जागा मिळाली, त्या तेलंगांची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

तेलंगांचा जन्म 1850 चा. रामायण होमरच्या काव्यावरून घेतले, हे वेबर नावाच्या जर्मन पंडिताचे मत त्यांनी 1873 साली खोडून काढले. 1882 साली त्यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत निघाले. 1889 साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते न्यायासनावर बसले.

वाटणीचा दावा आपल्या वऱ्हाडात कोणाला नवा आहे? असाच एक, आपाजी नरहर कुलकर्णी यांचा, हायकोर्टाच्या पूर्ण पीठापुढे आला. 1892 च्या निकालसंग्रहात तो छापलेला आहे. प्रश्न असा : बाप आपल्या भाऊबंदांत एकत्र राहत असेल आणि त्याची संमती नसेल, तर मुलाला वडिलार्जित मिळकतीत वाटणी मागता येते काय? बहुमताने निकाल दिला, येत नाही. तेलंग एकटे वेगळे पडले. मिताक्षरा त्यांनी मूळ संस्कृतात वाचली होती. मुलाचा हक्क जन्मानेच सिद्ध होतो असे शास्त्र म्हणते, मग बापाच्या नकाराने तो अडावा कसा, हा त्यांचा मुद्दा. मुंबईत बहुमताचाच निकाल चालला. मद्रास हायकोर्टाने मात्र पुढे तेलंगांच्या बाजूने कौल दिला.

असा हा माणूस. संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला होता. आणि 1893 साली स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र त्यांनी तिच्या बालवयातच लावून दिले. टीकेची झोड उठली. मला ती अन्यायाची वाटत नाही. न्यायासनावर सहकाऱ्यांविरुद्ध एकट्याने मत नोंदविण्यापेक्षा घरच्या माजघरात ते नोंदविणे अवघड असते, एवढेच त्यावरून दिसते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडेही 1873 साली याच परीक्षेत उतरले नव्हते, अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी दुसरा विवाह केला होता. म्हणूनच की काय, त्याच 1893 साली लाहोरच्या सामाजिक परिषदेत तेलंगांविषयी बोलताना त्यांनी कठोर शब्द वापरला नाही.

1 सप्टेंबर 1893 रोजी तेलंग वारले. वय त्रेचाळीस. मराठ्यांच्या बखरींवरचा त्यांचा निबंध रानड्यांनी 1900 साली आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला जोडून छापला.