खाडीकाठचा नाताळ गोठा

आगमनकाळ सुरू झाला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारपेठा चमचमत्या माळांनी आणि प्लास्टिकच्या झाडांनी भरून जातात. त्या झगमगाटाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु खाडीकाठी वाढलेल्या आपल्या समाजाने ख्रिस्तजन्माचा देखावा कशाने सजवावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ते नव्या पिढीच्या कानी पडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गोठ्याची प्रथा असिसीकर संत फ्रान्सिस यांच्यामुळे रूढ झाली. १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी त्यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. तिथे भरजरी आरास नव्हती. गावातलेच गवत, एक बैल आणि एक गाढव होते. दारिद्र्यात जन्मलेला प्रभू लोकांना डोळ्यांनी दिसावा, हाच त्यांचा हेतू होता.

या घटनेला शंभर वर्षे पुरी होण्याआधीच, एप्रिल १३२१ मध्ये, त्यांच्याच संघाचे तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री हे चौघे आपल्या ठाण्यात रक्तसाक्षी झाले. डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे अवशेष सोपाऱ्यास नेऊन पुरले. ज्या संघाने जगाला गोठा दिला, त्याचे रक्त असे आपल्या मातीत मिसळले आहे. तेव्हा ग्रेचोचा धडा, म्हणजे हाताशी असेल त्यातूनच गव्हाण सजवावी हा, आपल्याला परका नाही.

आपल्या हाताशी काय होते? भातशेती होती, म्हणून छपराला पेंढा आला. बांबू होता, म्हणून ताऱ्याचा सांगाडा झाला. गोठ्यापुढे हिरवे शेत दिसावे म्हणून पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरण्याची रीत मुंबईपासून गोव्यापर्यंत आहे. आणि खाडी होती, म्हणून शिंपले होते. तिसऱ्या आणि कालवे यांवर गरिबाचे पोट भरे. उरलेली कवचेही वाया जात नसत. भट्टीत भाजून त्यांचा चुना होई आणि तो कोकण किनाऱ्यावरील बांधकामांत वापरला जाई.

शिंपल्याला धर्मजीवनातही स्थान आहे. मासुंदा तलावाकाठचे ठाण्याचे जुने चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाला वाहिलेले आहे. योहान शिंपल्याने प्रभूच्या मस्तकी पाणी ओतत आहे, असे चित्र अनेक चित्रकारांनी रंगवले आहे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू वापरतात ते पात्रही अनेकदा शिंपल्याच्याच आकाराचे असते. गव्हाणीच्या वाटेवर शिंपले मांडताना ख्रिस्तजन्म आणि आपला स्नानसंस्कार यांची सांगड आपोआप घातली जाते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्या पातळ शिंपल्याची तावदाने असत, त्याचेच फिलिपाईन्समधील बंधुभगिनी नाताळचे तारे करतात.

ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली रेल्वे आली. पुढे कारखान्यांमागोमाग गोवा, मंगळूर, केरळ येथील कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली. १९८८ साली सिरो-मलबार पंथीयांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. केरळी बांधव गोठ्याला 'पुल्कूड', म्हणजे गवताचे घरटे म्हणतात. भाषा निराळी, पण गवत तेच!

मध्यंतरी थर्मोकोल आला आणि पेंढा गेला. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली. जे आपण समजुतीने सोडायला हवे होते, ते कायद्याने सोडावे लागले, याची आम्हाला खंत वाटते.

मात्र निसर्गाकडे वळताना निसर्गालाच ओरबाडू नये. २००१ साली अनेक शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. वर सांगितलेला तावदानी शिंपलाही त्यांत आहे. २०२२ पासून ठाण्याची खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता पावली आहे. तेव्हा दुकानातले शोभेचे शंख नकोत आणि तिवरांच्या फांद्याही नकोत. रविवारच्या जेवणातील तिसऱ्यांची कवचे उकळून, घासून, उन्हात वाळवावीत. तेवढी गोठ्याच्या अंगणाला पुरतात.

डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरही हे जमण्यासारखे आहे. लेकरांच्या हातांनी ते शिंपले मांडून घ्यावेत आणि मांडता मांडता त्यांना ग्रेचोची आणि ठाण्याच्या चार रक्तसाक्षींची गोष्ट सांगावी. बाजारातून आणलेल्या माळेला सांगण्यासारखी अशी गोष्ट नसते.