शंकरशेटची नाटकशाळा

मुंबईच्या कोटातील हिरवळीवर इंग्रजांनी 1776 साली उभारलेली नाटकशाळा कर्जात बुडून 1835 मध्ये विकली गेली, ती जमशेटजी जिजीभाईंनी घेतली, आणि देणी भागवून उरलेली रक्कम सरकारी खजिन्यात जमा झाली. ही शिल्लक तेथेच पडून राहिली असती. परंतु 1840 साली ज्या प्रतिष्ठित नागरिकांनी नव्या नाटकगृहासाठी सरकारकडे अर्ज केला, त्यांत गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हे अग्रभागी होते, आणि अर्जावर सही करून न थांबता त्यांनी ग्रँट रोडवरील आपल्या मालकीची जमीन या कामी देऊन टाकली.

1846 साली ही नाटकशाळा सुरू झाली. कोटात राहणाऱ्या साहेबलोकांना तटाबाहेरचे हे अंतर जाचू लागले आणि त्यांचा राबता आटत गेला. पण जी जागा त्यांना आडवळणाची वाटली, ती गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी येथील एतद्देशीय वस्तीला मात्र हाकेच्या अंतरावर होती. नानांनी हा परिणाम आधीच हेरला होता की काय, हे सांगणे कठीण. मात्र त्यांच्या दानाचे खरे मोल मला याच स्थलांतरात दिसते. सांगलीच्या दरबारात 1843 पासून नाटके करणाऱ्या विष्णुदास भावे यांचे आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये निवर्तले, राजाश्रय संपला, आणि फिरतीवर निघालेली भाव्यांची मंडळी 1853 साली मुंबईस येऊन पोचली, तेव्हा तिकीट लावून खेळ करण्यास योग्य असे रंगगृह तिला ग्रँट रोडवर सिद्ध मिळाले. त्याच वर्षी भाव्यांचे हिंदुस्थानी ‘राजा गोपीचंद’ येथे झाले, आणि पारशी नाटक मंडळीनेही याच रंगमंचावर पदार्पण केले. राजाच्या मर्जीवर जगणारी कला येथे प्रेक्षकांच्या पैशावर जगू लागली. लोक त्या इमारतीला ‘शंकरशेटची नाटकशाळा’ म्हणत, ते यथार्थच होते.

नानांचा हात इतर लोकोपयोगी कार्यांतही होता. 1853 साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू करणाऱ्या रेल्वे कंपनीच्या संचालकांत ते होते, स्वतःच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा भरू दिली, आणि डॉ. भाऊ दाजी व बर्डवुड यांच्यासमवेत भायखळ्याच्या उद्यानातील संग्रहालयासाठी वर्गणी व पाठिंबा मिळविला. या संग्रहालयाची कोनशिला 1862 साली बसली. 1872 मध्ये ते लोकांस खुले झाले, तेव्हा नाना दिवंगत होऊन जवळजवळ सात वर्षे लोटली होती.

रेल्वे, शाळा, संग्रहालय या गोष्टी नानांच्या चरित्रांत सविस्तर येतात, आणि नाटकशाळा मात्र एखाद्या ओळीत उरकली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात विष्णुदास भाव्यांच्या नावालगत, तिला मुंबईत पाय टेकावयास आपली जमीन देणाऱ्या या गृहस्थाचेही नाव लिहिले गेले पाहिजे.