कारूनकाठची गावे आणि मोजणीची वही

'अरबस्तान' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मक्का-मदिनेकडचा वाळवंटी मुलूख उभा राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील एका प्रांतालाही हेच नाव होते. आखाताच्या माथ्यावरचा, कारून नदीने पोसलेला हा प्रांत म्हणजे आजचा खुझिस्तान. झाग्रोसच्या डोंगरांत उगम पावणारी कारून शुश्तर आणि अहवाजवरून वाहत मुहम्मरा या बंदरापाशी शत्त-अल-अरबला मिळते. वर डोंगरांत बख्तियारी, खाली सपाटीवर मुहैसिन, बनू काब, बावी इत्यादी अरब जमाती, अशी ढोबळ मानाने तेथील वस्ती.

या काठाचे त्या काळचे सर्वांत तपशीलवार वर्णन एका गोपनीय सरकारी ग्रंथात सापडते, आणि तो ग्रंथ तयार झाला हिंदुस्थान सरकारच्या दप्तरात. कर्झनच्या कारकिर्दीत जे. जी. लॉरिमर या मुलकी अधिकाऱ्यावर पर्शियन आखात, ओमान आणि मध्य अरबस्तान यांच्या गॅझेटियरचे काम सोपविण्यात आले. भौगोलिक भाग १९०८ मध्ये आणि ऐतिहासिक भाग १९१५ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. नदीकाठच्या गावांसाठी त्यात कोष्टकेच आहेत: गावाचे नाव, ते कोणत्या तीरावर, घरे किती, माणसे कोणत्या जमातीची, खजुराची झाडे किती, गुरे किती. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही कोष्टके एकदा तरी सलग वाचावीत. विशेषणांवाचूनही लेखनाला दृष्टिकोन असतो, हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके कादंबरीतही क्वचितच दिसेल.

प्रश्न असा, की या रकान्यांतील 'गाव' म्हणजे नेमके काय? आपल्या मनातले गाव पांढरी आणि काळी यांच्या वाटणीतून उभे राहते. योगायोगाने त्याच १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' प्रसिद्ध झाले. त्यातले गाव वतनाने, शिवेने, बलुत्याने जमिनीला बांधलेले आहे. कारूनकाठचे गाव तसे नव्हते. मातीच्या भिंती, वेताच्या किंवा चटयांच्या झोपड्या, आणि त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे जमात. पावसावर गहू-जव पेरायला निघालेली कुटुंबे खजूर उतरविण्याच्या हंगामात बागांकडे परतत. हिवाळ्यात मोजणारा आला तर एक आकडा, भाद्रपदात आला तर दुसराच. कोष्टकात मात्र ऋतूला रकाना नाही.

खालच्या भागातील खजुराच्या बागांचे तर सगळे गणितच पाण्याच्या चालीवर होते. आखाताला भरती आली की तिच्या रेट्याने नदीचे गोडे पाणी मागे चढते आणि काठच्या चरांतून बागांत शिरते; ओहोटीबरोबर ते उतरते. मोट नाही, रहाट नाही. दिवसातून दोनदा समुद्रच शिंपण करतो. त्यामुळे शेताची किंमत ठरे ती चर कोणी खणला आणि त्यातला गाळ दरवर्षी कोण उपसतो यावर. हे काम एकट्या कुटुंबाचे नव्हे, ते भाऊबंदांचे काम. जमात ही येथे रक्ताच्या नात्याइतकीच गाळ उपसण्याची व्यवस्था होती, असे मला वाटते. जमातींना केवळ लुटारू किंवा केवळ रोमँटिक भटके ठरविणाऱ्या प्रवासवर्णनांतून हा भाग नेमका निसटतो.

पाण्यावरच येथील सत्ता उभी राही आणि मोडेही. अठराव्या शतकात बनू काबांचा शेख सलमान याने कारूनवर बंधारा घालून कालवे काढले, गलबतांचे आरमार उभारले, १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही पकडली. मुंबईहून गेलेल्या मोहिमेलाही त्याला नमविता आले नाही. त्याचा बंधारा तोडला तो करीमखान झंदाने. शत्रूला नमविण्यासाठी त्याचे पाणी तोडावे, हे येथे जुनेच शास्त्र.

१८८८ मध्ये इराणच्या शहाने कारून परकी जहाजांना खुली केली आणि लिंच कंपनीच्या आगबोटी अहवाजपर्यंत येऊ लागल्या. अहवाजला नदीत खडक आहेत. तेथे माल उतरवून वरच्या बोटीत चढवावा लागे. खरा पालट झाला तो तेलाने. १९०१ मध्ये डार्सी याला शहाकडून सनद मिळाली. पण सनद तेहरानची आणि जमीन बख्तियारींच्या हिवाळी कुरणांची! तेव्हा १९०५ मध्ये कंपनीला बख्तियारी खानांशी वेगळा करार करावा लागला: तेल लागल्यास तीन टक्के भाग, आणि राखणदारीचे वर्षाला दोन हजार पौंड. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. पुढच्याच वर्षी शुद्धीकरणाच्या कारखान्यासाठी अबादान बेटावरची जागा मुहम्मराच्या शेख खझल याच्याकडून वर्षाला ६५० पौंड भाड्याने घेण्यात आली. वाटाघाटी ब्रिटिश रेसिडेंट पर्सी कॉक्स याने केल्या.

या दोन्ही करारांत सही करणारा एक सरदार आहे आणि तो सगळ्या जमातीच्या वतीने बोलतो, असे गृहीत धरले आहे. गॅझेटियरची कोष्टकेही तेच गृहीत धरतात: अमुक घरे, अमुक जमात, अमुक शेख. खान आणि शेख यांची सत्ता खरी होती, ती इंग्रजांनी कल्पिलेली नव्हती. परंतु ती कायम मनधरणीवर, देण्याघेण्यावर टिकलेली सत्ता होती. कुरण न मिळालेले कुटुंब दुसऱ्या खानाकडे जाऊ शके. पौंडांत ठरलेली रक्कम एकाच्या नावे येऊ लागली, तेव्हा हा जुना तोल ढळला. पैसा खानाच्या घरी आणि नळ कुरणातून! १९१५ च्या फेब्रुवारीत महायुद्धाच्या धामधुमीत जमातींनी तेलाचा नळ फोडला. जर्मन-तुर्की चिथावणी त्यामागे होतीच, पण चिथावणी रुजायला जमीनही लागते.

वरच्या डोंगरांत मात्र नदी अजून जुन्याच पद्धतीने ओलांडली जात होती. १९२४ च्या वसंतात कूपर, शोएडसॅक आणि मार्गरिट हॅरिसन या तीन अमेरिकनांनी बख्तियारींच्या बाबा अहमदी शाखेचे स्थलांतर चित्रित केले. 'ग्रास' हा मूकपट पुढच्या वर्षी झळकला. फुगविलेल्या बकऱ्यांच्या कातड्यांवर काटक्यांचे तराफे बांधून बायका, तान्ही मुले आणि कोकरे कारूनपार जातात; मोठी गुरे पोहतात. चित्रपटात तेलाची एकही विहीर दिसत नाही. प्रेक्षकाला आदिम काळात शिरल्याचा भास व्हावा, म्हणून हे गाळणे सोयीचे होते. लॉरिमरच्या वहीत ऋतू नाही आणि या पडद्यावर साल नाही.

१९२५ मध्ये रझाखानाच्या लोकांनी शेख खझलला पकडून तेहरानला नेले. तो १९३६ मध्ये तेथेच वारला. बख्तियारींना सक्तीने एका जागी वसविण्याचे प्रयत्न झाले. नावेही बदलली: अरबस्तानचे खुझिस्तान, मुहम्मराचे खुर्रमशहर, फल्लाहियाचे शादेगान. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात खुर्रमशहर उद्ध्वस्त झाले आणि शत्तकाठच्या खजुराच्या बागा फार मोठ्या प्रमाणावर जळाल्या. त्या जुन्या वस्त्यांपैकी एखादीचा माग काढायचा, तर आज अभ्यासकाला पुन्हा त्या गोपनीय वहीची पाने उलटावी लागतात: डावा तीर, मातीची घरे इतकी, खजुराची झाडे इतकी.