नंदू नाटेकर आणि हौशीपणाचा हिशेब

आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि वाटाघाटींत गेले. रॅकेटशी आमचा संबंध दुरूनच. तेव्हा जालन्याच्या व्यासपीठावरून एका बॅडमिंटनपटूचे चरित्र आम्ही का सांगावे, अशी शंका कुणाला आली तर ती रास्त आहे. तिचे उत्तर चरित्रातच आहे.

नंदू नाटेकरांचा जन्म सांगलीचा, १२ मे १९३३ चा. शिक्षण मुंबईस, रुइया महाविद्यालयात. त्यांच्या हाती प्रथम आली ती टेनिसची रॅकेट. १९५१-५२ साली राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत ते पोचले आणि तेथे एका मद्रासी मुलाकडून हरले. मुलगा त्यांच्याहून जवळजवळ चार वर्षांनी लहान. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. पुढे १९५४ साली तो विम्बल्डनच्या कुमार गटात अजिंक्य ठरला, आणि १९६० व १९६१ साली तेथेच पुरुषांच्या उपांत्य फेरीत खेळला. अशा मुलाकडून हरण्यात कमीपणा कसला? पण नाटेकरांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन धरले.

हे दोन्ही खेळ तसे भाऊभाऊच. लॉन टेनिसचे पेटंट इंग्लंडात १८७४ साली निघाले. त्याच सुमारास आपल्या पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी फुलाचा खेळ नियम बांधून खेळत होते. त्या खेळाला कित्येक वर्षे 'पूना' असेच नाव होते. छावणी आमच्या जालन्यातही होती. छावणी म्हटली की साहेबांचा क्लब आला, आणि क्लब म्हटला की बाहेर राखणदार आला. टेनिसला ७८ फूट लांब मैदान लागते, वर त्याची निगा. बॅडमिंटनचे ४४ बाय २० फुटांत भागते. म्हणून तो खेळ क्लबाच्या कुंपणाबाहेर लवकर पडला, असे आम्हांला वाटते. फुलाच्या पिसांचा खर्च मात्र सुटत नाही.

खेळ बदलल्यावर नाटेकरांनी वेळ दवडला नाही. १९५३ साली ते एकेरीत राष्ट्रीय विजेते झाले. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. आणि १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. परदेशात जाऊन बॅडमिंटनचे आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. या विजयाचे मोल समजायचे तर तो कुठे मिळाला ते पाहावे. थॉमस चषक १९४९ साली सुरू झाला आणि १९४९, १९५२, १९५५ असा तिन्ही वेळा मलायाने जिंकला. म्हणजे पंढरपुरात जाऊन बडव्यांना पूजा सांगण्यासारखेच हे काम! त्यांचा खेळ दांडगाईचा नव्हता. बॅकहँडची सफाई आणि जाळीलगत अलगद सोडलेले फूल, यांवर त्यांची मदार असे.

आता आमच्या विषयाकडे येतो. या माणसाला 'हौशी' खेळाडू म्हणत. शब्द गोड आहे, पण त्याची जन्मकथा गोड नाही. इंग्लंडातल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबाने १८६६ साली हौशी कोण हे ठरवताना कारागीर, यांत्रिक आणि मजूर यांना सरळ वगळले होते. हातांनी पोट भरणाऱ्याने सभ्य गृहस्थांबरोबर धावू नये, हा त्यातला भाव. पुढे ते कलम गेले. पैसे न घेण्याची अट राहिली. ज्याच्या घरी धान्याचे कणगे भरलेले आहे त्याला ती अट जड नाही. आमच्या सळईच्या कारखान्यातल्या पोराला विचारा. कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले ते १९४८ साली. त्या तासांनंतर अंगात जे उरते त्यावर सराव करायचा, आणि सामन्याला जायचे तर बिनपगारी रजा.

खाशाबा जाधवांचेच पाहा ना. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचे कांस्यपदक आणले, पण त्या प्रवासाच्या खर्चासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांना घर गहाण ठेवावे लागले. सात हजार रुपयांना.

टेनिसमध्ये तर दुटप्पीपणा उघडा होता. हौशी म्हणवणाऱ्या नामांकित खेळाडूंना आयोजक 'खर्चा'च्या नावाखाली पैसे देत, आणि जो खुलेपणी मोबदला घेई त्याला विम्बल्डनचे दार बंद. रॉड लेव्हर १९६२ साली चारही मोठी अजिंक्यपदे जिंकला, नंतर धंदेवाईक झाला, आणि पाच वर्षे त्या दाराबाहेर राहिला. कृष्णन यांनाही जॅक क्रेमरने मोठ्या रकमेचा करार देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला. या त्यागाचे कौतुक पुष्कळ झाले. आम्ही कौतुकाबरोबर नोंद इतकीच करतो की त्या सामन्यांची तिकिटे फुकट नव्हती.

नाटेकरांनी मात्र तक्रारीचा सूर न लावता हिशेब मैदानावरच वाढवला. एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद सहा वेळा, दुहेरीचे सहा वेळा, मिश्र दुहेरीचे पाच वेळा. एकेरीतले पहिले १९५३ चे आणि शेवटचे १९६५ चे. मधल्या बारा वर्षांत किती तरणी पोरे आली असतील! थॉमस चषकात एकेरीचे १६ सामने खेळले, त्यांपैकी १२ जिंकले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. १९६३ साली बँकॉकला किंग्ज चषक जिंकला, तेव्हा वय तिशीला टेकले होते.

टेनिसने १९६८ साली सोंग टाकले. त्या वर्षीच्या विम्बल्डनमध्ये लेव्हर परत आला, जिंकला, आणि दोन हजार पौंड उजळ माथ्याने घेऊन गेला.

नाटेकरांचे निधन २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात झाले. त्यांच्या घरातून गेलेली टेनिसची रॅकेट त्यांच्या मुलाने पुन्हा घरात आणली होती. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत गौरव नाटेकर आणि लिअँडर पेस यांनी टेनिस दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. खेळाचे पैसे घेतो म्हणून कुणाला मैदानाबाहेर काढण्याची चाल टेनिसमधून जाऊन तेव्हा २६ वर्षे झाली होती.