निळीच्या पुडीचं कुळ

पुडीतली कोरडी नीळ चिमटीत घेऊन पाहा. इतकी गर्द, की नजर तिच्यात रुतते. हीच भुकटी तेलात कालवली की काळपट होते, तिचं तेज जातं. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन याला हेच सलत होतं. भुकटीचं तेज चित्रावर जसंच्या तसं राहावं, या ध्यासातून आधुनिक कलेतला सर्वांत गाजलेला निळा जन्मला.

या निळ्याचं मूळ अफगाणिस्तानात, बदख्शानमधल्या सर-ए-संगच्या खाणींत. तिथल्या राजावर्त दगडापासून काढलेला रंग युरोपात समुद्रापलीकडून येई, म्हणून तो ‘अल्ट्रामरीन’. किंमत एवढी, की चित्रकार तो मेरीमातेच्या वस्त्रासाठी राखून ठेवत. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका संस्थेने स्वस्त पर्यायासाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे यांनी मिळवलं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून हा निळा तयार होऊ लागला. पांढऱ्या कपड्यांसाठी पुड्यांतून आपल्याकडे आला तो हाच. ‘नीळ’ हे नाव मुळात झुडपापासून काढलेल्या रंगाचं. ते पुडीलाही चिकटलं.

जानेवारी १९५७ मध्ये क्लाइनने मिलानमध्ये निव्वळ निळ्या रंगाची ११ चित्रं मांडली. भुकटीचं तेज टिकवण्याची वाट त्याला दाखवली ती पॅरिसचे रंगविक्रेते एदुआर आदाम यांनी. रोडोपास नावाची कृत्रिम राळ द्रावकात पातळ करून त्यात भुकटी मिसळायची. द्रावक उडून जातो, राळ आक्रसते. कण धरून ठेवले जातात, पण राळेत बुडत नाहीत. पृष्ठभाग मखमलीसारखा कोरडा राहतो. १९ मे १९६० रोजी क्लाइनने ही कृती सरकारदरबारी नोंदवली. अनेक जण याला पेटंट म्हणतात, ते चूक आहे. तो फक्त तारखेचा पुरावा होता.

क्लाइनच्या लेखी निळा म्हणजे आकार आणि सीमा नसलेला अवकाश. १९६२ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी तो गेला. पुढे एड्समुळे दृष्टी गमावत चाललेल्या दिग्दर्शक डेरेक जार्मनने १९९३ मध्ये ‘ब्लू’ हा चित्रपट केला. ७९ मिनिटं पडद्यावर फक्त निळा, आणि सोबत आवाज. क्लाइनपासून स्फुरलेला तो निळा इथे एका माणसाचं आजारपण आणि निरोप सांगतो.

क्लाइनचं चित्र छापील पानावर किंवा मोबाइलवर पाहून समाधान मानू नका. तिथे भुकटीचा कोरडेपणा उतरत नाही. मूळ चित्रापर्यंत पोचता येत नसेल, तर निळीची पुडी उघडा आणि उजेडात धरा. त्याला जपायचं होतं ते हेच.